डोमेन आणि ट्रेडमार्क: नाव घेण्याचा क्रम आणि ते राखण्याची कामे

व्यवसायाचे नाव ठरले की ते दोन वेगळ्या नोंदवह्यांत चढवावे लागते, आणि या दोन नोंदवह्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. डोमेन विकणारा रजिस्ट्रार तुमच्याकडे ट्रेडमार्क आहे का, हे विचारत नाही. जो आधी पैसे भरेल त्याला तो नाव देतो. ट्रेडमार्क कार्यालय तुमच्याकडे डॉट कॉम आहे का, हे पाहत नाही. ते चिन्ह पाहते, त्याखाली काय विकणार ते पाहते आणि त्याच क्षेत्रातली आधीची नावे पाहते. म्हणून एकाच नावाचे ट्रेडमार्क वेगवेगळ्या धंद्यांतल्या तीन मालकांकडे सुखाने नांदू शकतात, पण त्या नावाचे डॉट कॉम जगात एकच असते. ‘डोमेन घेतले म्हणजे नाव माझे झाले’ आणि ‘ट्रेडमार्क मिळाला की डोमेन मागून घेता येईल’ हे दोन्ही समज इथूनच येतात. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडतो.

नाव निवडताना

ट्रेडमार्कची कसोटी बहुतेक देशांत सारखीच आहे: या नावावरून माल कोणाचा हे कळते, की माल कसला एवढेच कळते? ‘कोडॅक’ हा शब्द मुद्दाम घडवलेला, त्याला आधीचा कसलाही अर्थ नव्हता, म्हणून तो सर्वांत बळकट. ‘ॲपल’ हा रोजचा शब्द, पण संगणकाशी त्याचे नाते नाही, म्हणून तोही बळकट. फळे विकणाऱ्याला मात्र तो ट्रेडमार्क म्हणून मिळणार नाही. ‘जलद कुरिअर’ किंवा ‘ताजे दूध’ अशी वर्णनाची नावे परीक्षक पहिल्याच फेरीत अडवतो, कारण हे शब्द त्या धंद्यातल्या सगळ्यांनाच लागतात.

डोमेनच्या बाजारात नेमके उलटे चालते. ग्राहक शोधताना तेच शब्द टाइप करतो, म्हणून वर्णनाच्या नावांना भाव येतो. मग महागडे डोमेन हातात पडते आणि त्यावर ट्रेडमार्क मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ‘बुकिंग डॉट कॉम’च्या बाजूने निकाल दिला, हे उदाहरण विक्रेते हमखास सांगतात. तो निकाल एवढेच म्हणतो, की सर्वसाधारण शब्दापुढे ‘डॉट कॉम’ लावलेले नाव सरसकट नाकारता येणार नाही. ग्राहक ते ब्रँड म्हणून ओळखतात, असा पुरावा असेल तर ते नोंदवता येते. तो पुरावा त्या कंपनीकडे होता. काल सुरू झालेल्या धंद्याकडे तो नसतो.

मराठी किंवा संस्कृत वळणाच्या नावाला आणखी एक अडचण असते, ती रोमन स्पेलिंगची. समजा ‘तरुवेल’ असे नाव घडवले. ‘उ’साठी यू की डबल ओ, ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, शेवटी एल एक की दोन? इथेच आठ स्पेलिंगे झाली. पाच-सहा जणांना नाव फोनवर सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. बहुतेकांनी जे स्पेलिंग लिहिले ते मुख्य डोमेन करा, दुसऱ्या क्रमांकाचे घेऊन ठेवा, बाकीची सोडून द्या. सगळ्यांची उत्तरे वेगवेगळी आली, तर नावच बदललेले बरे. हायफन आणि अंक शक्यतो नकोत. तोंडी सांगताना दर वेळी खुलासा करावा लागतो.

शोध: दोन्ही नोंदवह्यांत, आणि गाजावाजा न करता

ट्रेडमार्कचा शोध ज्या देशात विकणार त्या देशाच्या नोंदवहीत घ्या. त्याशिवाय जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे वायपोचा, ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’ आणि युरोपीय कार्यालयाचा ‘टीएमव्ह्यू’ हे दोन्ही फुकट आहेत. नुसते हुबेहूब नाव शोधून थांबू नका. परीक्षक उच्चार, दिसणे आणि अर्थ तिन्ही पाहतो, म्हणून उच्चाराने जवळची नावे, उलटसुलट स्पेलिंगे आणि देवनागरी रूपही तपासा. अर्ज प्रलंबित असलेली नावेसुद्धा वाटेत येतात. फक्त ‘नोंदणीकृत’ गाळणी लावून पाहणारा इथेच फसतो.

डोमेनच्या नोंदी आता ‘आरडीएपी’ या पद्धतीने मिळतात. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनांसाठी जुनी ‘हू-इज’ सेवा देण्याचे बंधन जानेवारी 2025 मध्ये संपले. 2018 पासून युरोपीय खासगीपणाच्या कायद्यामुळे मालकाचे नाव बहुधा झाकलेलेच असते, पण नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि रजिस्ट्रार दिसतो. यातली नोंदणीची तारीख सर्वांत मोलाची. तिचे काम पुढे येईल. मोकळ्या दिसणाऱ्या डोमेनचाही भूतकाळ ‘वेबॅक मशीन’ या जुन्या वेबपानांच्या संग्रहावर पाहून घ्या. आधीच्या मालकाने त्यावरून जुगाराची साइट किंवा स्पॅम चालवला असेल, तर तुमचे ईमेल महिनोन् महिने स्पॅमच्या खोक्यात जात राहतील.

क्रम

शोध, मग डोमेन, मग ट्रेडमार्कचा अर्ज, मग घोषणा. पहिली तीन कामे जमल्यास एकाच दिवशी उरका.

ट्रेडमार्कचे अर्ज सार्वजनिक असतात. नवे अर्ज पाहून त्या नावांची डोमेने उचलणारे लोक आहेत, आणि त्यांचे काम संगणकच करतो. म्हणून डोमेन आधी. पण घोषणा ट्रेडमार्कच्या अर्जाआधी केली, तर दुसरा कोणी तुमच्याच नावाचा अर्ज टाकून मोकळा होऊ शकतो. चीनसारख्या ‘आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क’ मानणाऱ्या देशांत ही भीती खरी आहे; भारत, ब्रिटन आणि अमेरिकेत आधीच्या वापरालाही वजन आहे, पण तो वापर कागदोपत्री सिद्ध करावा लागतो.

डोमेन विकत घेताना

पहिला प्रश्न किमतीचा नाही, मालकाचा आहे. नोंदणीत ‘रजिस्ट्रंट’ म्हणून ज्याचे नाव, डोमेन त्याचे. वेबसाइट करून देणारा स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर डोमेन घेतो आणि वर्षभर सगळे सुरळीत चालते. बिलावरून वाद झाला की मग कळते, की डोमेन कागदोपत्री आपले नव्हतेच. चोरांपेक्षा या एका रकान्याने जास्त नावे घालवली आहेत. रजिस्ट्रंटच्या ‘संस्था’ या रकान्यात कंपनीचे कायदेशीर नाव अक्षरशः जसेच्या तसे हवे, आणि तेच नाव ट्रेडमार्कच्या अर्जात अर्जदार म्हणून. डोमेन संस्थापकाच्या नावावर, ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर आणि खाते एजन्सीकडे अशी त्रिस्थळी यात्रा झाली, की पुढे गुंतवणूकदाराचा वकील सगळ्यात आधी हाच धागा ओढतो.

दुसरा मुद्दा संपर्काच्या ईमेलचा. रजिस्ट्रारच्या खात्यासाठी त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली किंवा डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणाऱ्या नोंदी) बिघडले, की तो ईमेल बंद पडतो. मग नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा ज्या पेटीत येतात, तिचीच किल्ली हरवते. वेगळ्या सेवेवरचा, कंपनीतल्या दोघांना उघडता येईल असा पत्ता द्या. नोंदणीनंतर त्या पत्त्यावर पडताळणीचा ईमेल येतो. 15 दिवसांत त्यावर क्लिक केले नाही, तर सर्वसाधारण डोमेने रजिस्ट्रार बंद करून ठेवू शकतो. ‘साइट अचानक बंद पडली’ या नवख्यांच्या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते.

पहिल्या वर्षाची किंमत पाहून भुलू नका, नूतनीकरणाची पाहा. काही नव्या शेपट्यांची (म्हणजे डॉट कॉमसारख्या नावाच्या शेवटच्या भागांची) पहिल्या वर्षाची किंमत नाममात्र असते आणि दुसऱ्या वर्षी ती कित्येक पट होते. ‘प्रीमियम’ नावांचे तर दर वर्षीचे भाडेच चढे असू शकते. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी घेता येते. मुख्य डोमेन 5 ते 10 वर्षांसाठी घ्यावे, हे उत्तम. नव्याने घेतलेले डोमेन साधारणतः 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, तेव्हा रजिस्ट्रार निवडतानाच नीट निवडा: दुपदरी पडताळणी आहे का, अडचणीला माणूस भेटतो का, आणि तो आयकॅनचा, म्हणजे डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचा, मान्यताप्राप्त आहे की दुसऱ्याचा उपविक्रेता.

शेपटी कोणती? परवडत असेल तर डॉट कॉम आणि जिथे विकता त्या देशाची. देशांच्या शेपट्यांचे नियम त्या त्या देशाचे असतात. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा स्थानिक अस्तित्व किंवा तिथला ट्रेडमार्क मागतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या अपात्र ठरलेल्या मालकांची डॉट ईयू डोमेने 2021 च्या सुरुवातीला निलंबित झाली. पैसे वेळेवर भरणाऱ्यांचीही. दोन अक्षरी शेपटी छान दिसते म्हणून धंद्याचे मुख्य नाव तिच्यावर टांगण्याआधी ती कोणत्या देशाची आहे, हे पाहून घ्या.

ट्रेडमार्कचा अर्ज

आधी नुसता शब्द नोंदवा, लोगो नंतर. शब्दाची नोंदणी कोणत्याही अक्षरवळणाला आणि रंगाला लागू पडते. लोगोची नोंदणी त्या चित्रापुरती राहते आणि तीन वर्षांनी लोगो बदलला की निम्मे बळ जाते. ‘डॉट कॉम’ अर्जात घालू नका. परीक्षक शेपटीला सहसा वजन देत नाही, आणि उद्या शेपटी बदलली तर जुने चिन्ह वापरात नाही, अशी पंचाईत होते.

माल आणि सेवा ‘नीस वर्गीकरणा’च्या 45 वर्गांत विभागलेल्या आहेत: 1 ते 34 माल, 35 ते 45 सेवा. वेबसाइट आहे म्हणून वर्ग 42 घेणे, ही नेहमीची चूक. वर्ग 42 सॉफ्टवेअर तयार करून देणाऱ्यांचा किंवा ते ऑनलाइन सेवा म्हणून पुरवणाऱ्यांचा आहे. डाउनलोड होणारे ॲप वर्ग 9 मध्ये जाते. इतरांचा माल ऑनलाइन दुकानात विकत असाल तर वर्ग 35. स्वतः बनवलेले साबण स्वतःच्या साइटवर विकत असाल, तर मुख्य वर्ग साबणाचा, म्हणजे 3. साइट हे फक्त दुकान. वर्गाच्या चुकीची खोट अशी, की अर्ज दाखल झाल्यावर यादी कमी करता येते, वाढवता येत नाही. चुकलेला वर्ग म्हणजे नवा अर्ज, नवी फी आणि नवी तारीख.

उलट, सावधगिरी म्हणून दहा वर्ग भरून ठेवणेही शहाणपणाचे नाही. वापर नसलेली नोंदणी रद्द करता येते: युरोपीय संघात सलग 5 वर्षे वापर नसेल तर, अमेरिकेत सलग 3 वर्षे वापर नसेल तर चिन्ह सोडून दिल्याचे गृहीत धरले जाते.

अर्जावर आधी परीक्षकाच्या हरकती येतात, मग प्रसिद्धी होते आणि इतरांना विरोधासाठी मुदत मिळते. ती भारतात 4 महिने, युरोपीय संघात 3, ब्रिटनमध्ये 2 महिने, अमेरिकेत 30 दिवस. नोंदणी पूर्ण होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावा. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच. आधीच लावणे अनेक देशांत गुन्हा आहे.

दुसऱ्या देशांत जायचे असेल, तर पहिल्या अर्जापासून 6 महिन्यांच्या आत पॅरिस कराराखाली अर्ज केला की पहिलीच तारीख मिळते. ही मुदत दिनदर्शिकेत लिहून ठेवा, ती वाढवून मिळत नाही. माद्रिद पद्धतीने एकाच अर्जात अनेक देश धरता येतात, पण पहिली 5 वर्षे सगळे मूळ देशातल्या नोंदणीवर अवलंबून असते. ती पडली तर बाकीच्याही पडतात. म्हणून मूळ अर्ज जिथे डळमळीत आहे, तिथे माद्रिदची घाई नको.

अर्ज प्रसिद्ध झाला की काही आठवड्यांत सरकारी थाटाची बिले येऊ लागतात: ‘आंतरराष्ट्रीय नोंदवहीत प्रकाशन शुल्क’ वगैरे. खरे कार्यालय ज्या मार्गाने पैसे घेते त्याशिवाय आलेले प्रत्येक बिल संशयित समजा. डोमेनच्या बाजूला याचे भावंड म्हणजे, ‘दुसरी एक कंपनी तुमचे नाव आशियातल्या शेपट्यांखाली घेत आहे, तुम्हाला प्राधान्य देतो’ असा ईमेल. उत्तर देऊ नका. ती दुसरी कंपनी बहुधा अस्तित्वातच नसते.

मुदत संपली तर

डॉट कॉमसारख्या डोमेनची घसरण ठरलेल्या पायऱ्यांनी होते. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, मुदतीनंतर 5 दिवसांत आणखी एक. मुदत संपताच साइट आणि ईमेल बहुधा बंद पडतात. मग रजिस्ट्रारप्रमाणे बदलणारा, जास्तीत जास्त 45 दिवसांचा काळ येतो; त्यात नेहमीच्या दराने नाव परत मिळू शकते, पण अनेक रजिस्ट्रार याच काळात ते लिलावाला काढतात. त्यानंतर 30 दिवसांचा ‘रिडेम्प्शन’ काळ, त्यात परत घ्यायला भरभक्कम दंड. शेवटचे 5 दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव मोकळे होते. मोकळे होताच ते झेलण्यासाठी यंत्रे टपलेली असतात. हाताने टाइप करून मिळेल ही आशा सोडा. सगळेच 80 दिवस हाताशी आहेत, असे समजून बसू नका: लिलाव झाला, तर खेळ त्याआधीच संपलेला असतो.

म्हणून स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा. पण ते बंद पडते ते कार्डामुळे. बदललेले किंवा मुदत संपलेले कार्ड खात्यात तसेच राहते, आणि पैसे कापले न गेल्याचे ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जातात. वर्षातून दोनदा उघडून पाहावे असे एक पान करा: डोमेन, रजिस्ट्रार, रजिस्ट्रंटचे नाव, मुदत, कार्डाची मुदत, खाली ट्रेडमार्क क्रमांक, वर्ग, देश आणि नूतनीकरणाची तारीख, जी बहुतेक देशांत दर 10 वर्षांनी येते.

कुलपे

खात्याला दुपदरी पडताळणी लावा, एसएमएसऐवजी ॲप किंवा भौतिक किल्ली. ‘ट्रान्सफर लॉक’, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू न देणारे कुलूप, चालू आहे याची खात्री करा. स्थलांतराचा कोड पासवर्डइतकाच गुप्त. ‘साइट हलवायची आहे’ म्हणून डेव्हलपरने मागितला, तर आधी विचारा कशाला, कारण होस्टिंग बदलायला तो लागत नाही. ज्या डोमेनवर सगळी उलाढाल आहे, त्याला ‘रजिस्ट्री लॉक’ घ्या: मग बदलासाठी ठरलेल्या माणसाची स्वतंत्र खातरजमा लागते आणि खाते फुटले तरी नाव हलत नाही.

जवळची नावे किती घ्यावीत?

सगळी घेणे अशक्य आहे, आणि विक्रेता सांगतो तेवढी तर मुळीच नकोत. मुख्य स्पेलिंग, दुसऱ्या क्रमांकाचे स्पेलिंग, विक्रीच्या देशांच्या शेपट्या, आणि डोळ्याला फसवणारे एखादे रूप. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी आले की लहान अक्षरांत एमसारखे दिसतात, तसे. देवनागरी डोमेन घेत असाल तर अनुस्वार आणि जोडाक्षर अशी दोन्ही रूपे तपासा. ही राखीव डोमेने मुख्य साइटकडे वळवा आणि त्यांच्या डीएनएसमध्ये ‘इथून कोणीही ईमेल पाठवत नाही’ असे सांगणारी एसपीएफ आणि डीमार्क नोंद घाला. हे काम लोक विसरतात आणि स्वतः विकत घेतलेल्या नावाचाच खोट्या बिलांसाठी वापर होतो.

न घेतलेल्या नावांवर लक्ष ठेवणे स्वस्त पडते. ‘डीएनएसट्विस्ट’ हे मुक्त साधन तुमच्या नावाची शेकडो चुकीची रूपे तयार करून त्यांतली कोणती नोंदली गेली, ते दाखवते. महिन्यातून एकदा पुरे.

नाव आधीच कोणी घेतले असेल

आता ती नोंदणीची तारीख. डोमेन तुमच्या ट्रेडमार्क हक्काच्या आधीचे असेल, तर मालकाने ते तुम्हाला लुबाडायला घेतले असे म्हणता येत नाही, आणि तक्रार जवळपास नेहमी फेटाळली जाते. अपवाद एक: तुमचा अर्ज किंवा घोषणा पाहूनच त्याने नाव उचलले, असे दाखवता आले तर. जुने डोमेन हवे असेल, तर सरळ मध्यस्थामार्फत विकत घ्या, आणि पैसे एस्क्रोतून द्या, म्हणजे नाव हातात येईपर्यंत ते तिसऱ्याकडे राहतात.

डोमेन नंतरचे असेल, तर आयकॅनची 1999 मधली ‘यूडीआरपी’ ही तक्रार पद्धत आहे. डॉट इन आणि डॉट यूकेसाठी त्यांच्या वेगळ्या पद्धती आहेत. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, तिन्ही एकत्र: नाव तुमच्या चिन्हाशी हुबेहूब किंवा गोंधळ होईल इतके सारखे आहे; समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही; आणि ते वाईट हेतूने नोंदवले व वापरले. वायपोकडे एक ते पाच डोमेनांसाठी एकसदस्यीय मंडळाची फी 1500 अमेरिकी डॉलर, त्रिसदस्यीय मंडळाची 4000. समोरच्याला उत्तरासाठी 20 दिवस मिळतात, मंडळ नेमल्यावर निर्णयाला 14 दिवस; एकूण साधारण दोन महिने. नाव हस्तांतरित होते किंवा रद्द होते, भरपाई मिळत नाही. ‘हस्तांतर’ मागा, रद्द झालेले नाव पुन्हा कोणीही घेऊ शकतो.

तक्रारीआधी पुरावा गोळा करा: पानांची तारखेसह चित्रे, त्यावरच्या जाहिराती, विक्रीची पाटी, तुमच्या ग्राहकांना गेलेले खोटे ईमेल. रिकामे डोमेनही सुरक्षित नसते. वायपोच्या 2000 मधल्या टेलस्ट्रा प्रकरणापासून, नाव प्रसिद्ध असेल आणि प्रामाणिक वापर संभवत नसेल, तर नुसते अडवून ठेवणेही वाईट हेतूत धरले जाते. आधी चिठ्ठी पाठवून ‘किती घेणार?’ असे विचारू नका. त्याने आपणहून किंमत सांगितली तर तो तुमचा पुरावा. तुम्ही विचारल्यावर सांगितली तर त्याची धार जाते. आणि ज्याचे आडनावच ते आहे किंवा ज्याचा वेगळा धंदा त्या नावाने चालतो, त्याच्यावर तक्रार टाकलीत तर मंडळ निकालात ‘उलटी डोमेन बळकावणी’ असा शेरा मारू शकते. हे निकाल नावानिशी प्रसिद्ध होतात.

जिंकल्यावर रजिस्ट्रार 10 कामकाजाचे दिवस थांबतो, कारण हरलेल्याला न्यायालयात जाण्याची मुभा असते. नाव हातात आले की त्याच दिवशी मुदतीची तारीख बघा: वादात अडकलेल्या डोमेनांची मुदत अनेकदा संपत आलेली असते, आणि नूतनीकरण आता तुमच्याकडे असते.